दादांची झोप

भंडारा,
सोमवार, ता. २० नोव्हेंबर १९७८

चि. सौ. धुरपता हीस,
परसरामचा आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र भंडाऱ्याहून आले म्हणून घाबरू नकोस. आधी सगळे वाचून घे, मग रडायचे असेल तर रड.

शुक्रवारी सकाळी मंगरूदादा खळ्यात धानाचे पुंजणे रचत होते. वर उभे राहून भारे झेलत होते, पाय सरकला आणि खाली आले. करडीचे लोक पंधरा फूट सांगत आहेत, त्यांचे ऐकू नकोस. मी नंतर दोरी लावून मोजले, सात फूट दोन इंच भरले. पण डोके गाडीच्या चाकावर आदळले. रक्त फारसे नाही. उठले, धोतर झटकले आणि पार्वतावहिनीला म्हणाले की भात वाढ. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. शनिवारी सकाळी मला बाबांच्या नावाने हाक मारू लागले, तेव्हा मी कोणाला न विचारता गाडी करून त्यांना येथल्या धर्मादाय दवाखान्यात आणले.

येथल्या डॉक्टरीणबाई बोलायला कडक आहेत, पण नीट समजावून सांगतात. फोटो काढला, कवटीला तडा नाही. मात्र आत बारीक रक्त झिरपत असू शकते आणि ते फोटोत दिसत नाही. ते कळते एकाच गोष्टीवरून, झोपेवरून. दिवसाची झोप वाढत गेली, हाक मारून माणूस लवकर उठेना, की समजायचे आत रक्त साचते आहे. मग नागपूरला नेऊन कवटीला भोक पाडून ते काढावे लागते. वेळेत काढले तर माणूस आपल्या पायांनी घरी जातो. वेळ गेली तर गेली. हे त्यांनी मला दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा मी त्यांना म्हणून दाखवले. वार्डात खाटा पुष्कळ आणि नर्सबाई दोन, म्हणून दादांच्या झोपेवर नजर ठेवायचे काम माझे. मी वेगळी वही केली आहे. डोळा कधी लागला, कधी उघडला, घड्याळ पाहून लिहितो. चौथी पास माणसाची वही पाहून बाई म्हणाल्या की आमच्या शिकलेल्यांना ही दाखवली पाहिजे. हे तुला सांगितल्याशिवाय राहवले नाही.

आता तुला ठाऊक असलेली गोष्ट. छप्पन साली दादा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी त्यांनी मोहाची दारू सोडली आणि तिच्या पाठोपाठ बिडीही सोडली, जी कोणी सोडायला सांगितली नव्हती. तेव्हापासून आपल्या घरात बिडी वळली गेली, पण ओढली गेली नाही. मी बिडी कारखान्याचा चेकर, दिवसभर बिड्या माझ्या बोटांखालून जातात, आणि दादांच्या समोर मी बिडी न ओढणारा माणूस आहे. येथे चोवीस तास त्यांच्या खाटेशी. मग कारण काढून बाहेर पडावे लागते.

वार्डाच्या मागे करंजाचे झाड आहे, तिथे सगळ्या रोग्यांचे नातेवाईक जमतात. कोणी मुलगा, कोणी धाकटा भाऊ, कोणी जावई. आपल्या रोग्यासमोर ओढणारा एकही नाही, त्यामुळे जो तो काही ना काही निमित्ताने आलेला. आज सकाळी मी अकरा माणसे मोजली, त्यांत नऊ जणांच्या हातात रिकामा तांब्या होता. नळ पार दुसऱ्या बाजूला आहे. आमच्या कारखान्याची बिडी सावकाश ओढली तर साडेचार मिनिटे चालते, येथे कोणाचीच तीनच्या वर जात नाही. एकोडीची एक कलाबाई आहे, नवऱ्याच्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे, ती पदराआड ओढते. माझ्या हातातला तांब्या पाहून म्हणाली, पाणी तिकडं भेटते भाऊ, इकडं निस्ता धूर हाये. सगळे हसले. मीही हसलो, पण तांब्या मागे लपवला.

वहिनीचे गुडघे सुजले आहेत आणि धान खळ्यात उघडे पडले आहे, म्हणून तिला आणले नाही. दादांना मुलगा नाही आणि तुझी भाभी गेल्यापासून मलाही दुसरे घर नाही, तेव्हा येथे बसायला मीच आहे. तू एक दिवस येऊन जा. आणि पत्रावर तारीख घालत जा, अक्षर शिकवले तेव्हा तारीखही शिकवली होती.

माया आहे तेवढीच असू दे, कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
परसराम

—

नाकाडोंगरी

परसराम भाऊले धुरपताचा जयभीम.

तुझं पत्र भेटलं. तू म्हणतं आधी सगळं वाच मंग रड. मी पहिल्याच ओळीले रडली अन् मंग वाचलं. सात फूट काय अन् पंधरा फूट काय, दादाचं डोस्कं तेच हाये.

आमच्या घरच्याची, म्हणजे तुझ्या श्यामराव भाटव्याची, खाणीत पाळी बदलली. गुरुवारी सुट्टी हाये, तवा येते. दादाले सांग का धुरपता येऊन राहिली, तिच्यासाठी जागा राहा.

तुले एक बोलू का? तूच मले बिडीच्या कट्ट्यावरचं लेबल दाखवून अक्षरं शिकवले. म्हणून मले बिडीले नाव ठेवता येत नाही, पण तुले ठेवता येते. दादा खाटेवर अन् तू तांब्या घेऊन झाडाखाली! थोडी लाज वाटू दे. थोडीच वाटू दे, जास्त वाटून तू पडला तर तुझ्यापाशी कोण बसन?

तारीख काहून घालू? पोस्टवाला ठप्पा मारतेच नं.

दादाच्या पायाले माझा हात लाव. जीव लावते तसाच लावत राहा.

तुझी बहीण धुरपता

—

भंडारा,
शनिवार, ता. २५ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. धुरपतास आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

परवा तू आलीस आणि दिवसभर दादांच्या उशाशी बसलीस, वार्डाला घरपण आले. तुझ्या हातची भाकर त्यांनी दीड खाल्ली. मी दिली तर अर्धीवर थांबतात. गुरुवारी ते पूर्ण दिवसात फक्त अर्धा तास झोपले, मी वहीत तसे लिहून ठेवले आणि मनाशी म्हणालो की संकट टळले.

टळलेले नाही. तू गेलीस आणि शुक्रवारी दिवसाची झोप साडेचार तास भरली. आज आत्तापर्यंत पाच. तू येण्याआधी मंगळवारी दोन आणि बुधवारी तीन होती. पाहा कशी चढत आहे. बाईंनी वही उघडून बोट ठेवून एकेक ओळ वाचली. म्हणाल्या, मंगळवारी सकाळी नागपूरला पाठवायचे, गाडीची व्यवस्था त्या करतील. तोवर दर दोन तासांनी हलवून उठवायचे, स्वतःचे नाव आणि आजचा वार विचारायचा. विचारतो. दादा बरोबर सांगतात आणि वर मला विचारतात की तुला वार माहीत नाही का रे.

एक गोष्ट मला खाऊन राहिली आहे. मला तलफ आली, पाय चुळबुळू लागले, की नेमका त्याच वेळी दादांचा डोळा लागतो. जणू माझी तलफ आणि त्यांची झोप एकाच दोरीला बांधली आहे. मी उठतो, बाहेर जातो, परत येतो तर ते झोपलेलेच. वहीतली निम्मी झोप अशी माझ्या बिडीच्या वेळेची आहे. त्यांच्या डोक्यात रक्त साचत होते तेव्हा तू कुठे होतास, असे कोणी विचारले तर मी काय सांगू?

काल झाडाखाली एक प्रकार घडला, तो तुलाच लिहितो. सुखराम नावाचा एक माणूस, त्याचे वडील आमच्यापासून तिसऱ्या खाटेवर. आम्ही दोघे एकाच काडीवर पेटवून उभे होतो. आतून हाक आली. हाक कशाची आहे ते आवाजावरूनच कळले. त्याने बिडी विझवली नाही, टाकलीही नाही, माझ्या हातात दिली आणि धावला. जणू परत येऊन घेणार होता. मी दोन्ही हातांत दोन जळत्या बिड्या घेऊन उभा. आधी माझी संपवली. मग धुरपता, मी त्याचीही ओढली. तिकडे आत रडे फुटले होते आणि मी त्याची बिडी दोऱ्यापर्यंत ओढली.

त्यानंतर सोडली. चार तास दहा मिनिटे सोडली होती.

नागपूरच्या गोष्टीने दादा खचले आहेत. बाई गेल्यावर डोक्यावरून हात फिरवत होते. वहिनीला कळवले नाही. तू श्यामरावांना घेऊन मंगळवारी नागपूरला येऊ शकशील का ते लगेच कळव.

मला सध्या तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येत नाही, हे ध्यानात ठेवून रागावत जा.

तुझा,
परसराम

—

नाकाडोंगरी, सोमवार
(घे, वार घातला.)

परसराम भाऊले धुरपताचा जयभीम.

तुझं पत्र आज दुपारी भेटलं अन् लगेच लिवाले बसली. पोस्टानं उद्या सकाळपर्यंत पोचत नाही, म्हणून खाणीच्या ट्रकवाल्याच्या हाती देऊन राहिली. तो भंडाऱ्यावरूनच जाते, संध्याकाळी तुले दवाखान्यात आणून देईन.

भाऊ, दादाले नागपूरले नेऊ नको. दादा झोपत नाही.

गुरुवारी तू बाहेर गेला तवा दादानं मले सांगितलं. म्हणे, धुरपता, हा परसराम बिडी ओढते ते मले लई वर्षांपासून माहीत हाये, त्याच्या सदऱ्याले नाक नाही पण मले हाये. इथं बिचारा माझ्यापाशी बांधल्यावानी बसते, तलफ आली का मांडी बदलते, तांब्यात पाणी असून तांब्याकडे पाहते. मले त्याचं पाहवत नाही. म्हणून मी डोये मिटून घेतो, का जा बाबा, ओढून ये. तो आला तरी थोडा वेळ मिटूनच ठेवतो, नाही तर त्याले वाटन का दादानं वास घेतला.

मी म्हटलं, दादा, तू तं खोटं न बोलाचं शील घेतलेला माणूस. तं हसला. म्हणे, तोंडानं कुठं बोललो, डोयानं बोललो.

मंग माझा हात धरून आपल्या डोस्क्यावर ठेवला, जिथं मार हाये तिथंच, अन् म्हणे शपथ घे का त्याले सांगणार नाही, त्याची मान खाली जाईन. आपण शपथ मानत नाही, तरी मी घेतली. आज मोडून राहिली. काहून का तू वही दाखवशीन अन् ते लोक दादाचं डोस्कं फोडतीन. आमच्या घरच्याच्या खाणीतला एक माणूस असाच डोस्कं उघडून आणला, तो आता बायकोले ओळखत नाही. आपल्या दादानं आपल्याले ओळखलं नाही तं?

तूच पाहा नं. मी आली त्या दिवशी दादा झोपला का? मी बसली होती, तुले मोकळीक होती, तं त्याले डोये मिटाचं कामच पडलं नाही.

आता तुले हसू आलं असन. हास. अन् दादाले दाखवू नको का तुले माहीत झालं.

रागावत जा म्हणतं, तं घे, रागावली. तरी जीव तेवढाच हाये.

धुरपता

—

भंडारा,
बुधवार, ता. २९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. धुरपता हीस, परसरामचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझे पत्र सोमवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मिळाले. व्हरांड्यात उभ्याने वाचले. हसू आले आणि त्याच्या मागोमाग रडू. बावीस वर्षे मी वेलची चघळून घरात शिरत होतो आणि त्या माणसाला सगळे ठाऊक होते.

नुसत्या सांगीवर मी विश्वास ठेवणारा नाही, हे तू जाणतेस. वही घेऊन बसलो. प्रत्येक झोपेसमोर मी त्या वेळी कुठे होतो ते लिहिले. तुझा गुरुवार सोडला तर बहुतेक सगळी झोप माझ्या झाडाखालच्या वेळेशी जुळली. साडेचारातली सव्वातीन, पाचातली चार. तुझे म्हणणे आकड्यांत सिद्ध झाले. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

काल सकाळी बाईंना बाजूला घेऊन सगळे सांगितले, माझ्या बिडीसह. आधी त्यांना पटेना. म्हणाल्या, तुमची खात्री आहे? मी म्हणालो, बाई, तंबाखू कमी भरलेली पोची बिडी मी डोळे मिटून नुसत्या बोटाने ओळखतो, माझ्या भावाला मी ओळखणार नाही? आणि वही पुढे केली. त्यांनी पुन्हा एकेक ओळ वाचली. दादांना उठवून नाव विचारले, वार विचारला, हात दाबायला लावला, सगळे ठीक. जरा सावकाश, पण ठीक. मग म्हणाल्या, बरे, शुक्रवारपर्यंत पाहू, पण दोन तासांचे उठवणे चुकवायचे नाही. नागपूरची गाडी परत गेली. दादांना सांगितले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

उठवणे मात्र कठीण होऊन बसले आहे. सकाळी आणि रात्री उठवतो, त्यात काही नाही. पण दुपारी, ते खास माझ्यासाठी डोळे मिटून पडलेले असतात, तेव्हा त्यांना कसे हलवू? हलवले आणि ते जरा जास्तच लवकर उठले, तर त्यांना कळेल की मला कळले आहे. ज्या माणसाने मला लहानाचा मोठा केला आणि एकदाही खोटे बोलू दिले नाही, त्याचे खोटे मी त्याच्याच खाटेवर हातात धरायचे? ते माझ्याने होणार नाही. दुपारच्या रकान्यात मी जागे आहेत असे लिहितो आणि उठून जातो. आता तर तलफ नसली तरी जातो. त्यांनी डोळे मिटले म्हणजे जा असे सांगितले, आणि दादांचे सांगणे मी कधी मोडले आहे?

झाडाखाली ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. काही जण ऐकून तांब्याकडे पाहत राहिले. एक जण म्हणाला, माझा बाप तर कुशीवर वळते. फक्त कलाबाईला हसू आले नाही. ती म्हणाली, भाऊ, सोंगाच्या झोपेत तोंड मिटलं राहते, खऱ्या झोपेत उघडते, जाऊन पाहा. मी तिला सांगितले की मी वही ठेवली आहे. ती म्हणाली, मंग वहीच्या तोंडात पाहा. अशी फटकळ बाई आहे.

आज दादा जरा कमी बोलत आहेत. भाकर नको म्हणाले. थंडी पडली आहे, त्याने असेल.

तुझ्या मायेनेच हे संकट टळले. ती अशीच राहू दे.

तुझा,
परसराम

—

करडी,
रविवार, ता. १७ डिसेंबर १९७८

धुरपता हीस,
जयभीम.

अंत्यविधीला तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझ्याशी. काल दादांच्या पुण्यानुमोदनाला श्यामराव एकटे आले, म्हणाले की तुला ताप आहे. असेलही. जे तोंडाने सांगायचे होते ते लिहितो. तुला हे माहीत असले पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

गुरुवार, तीस नोव्हेंबर. सकाळी आठला उठवले तेव्हा नाव सांगितले. वार बुधवार सांगितला. मी म्हणालो, दादा, आज गुरुवार. ते म्हणाले, असेल. ही गोष्ट मी बाईंना सांगितली नाही, कारण एका दिवसाची चूक माझ्याकडूनही होते असे मला वाटले. बारा वाजता पेज घेतली. एक वाजून चाळीस मिनिटांनी डोळे मिटले. मला तलफ नव्हती, तरी मी उठलो. दोनला परत आलो, डोळे मिटलेलेच. मला वाटले, अजून जा म्हणतात. गेलो. तीनला आलो. सव्वा तास एक माणूस माझ्यासाठी डोळे मिटून पडला आहे, याचा मला धुरपता, अभिमान वाटत होता. मी पायाशी बसून त्यांच्या तळव्यांना तेल लावले.

चार वाजता नर्सबाई आली. विचारले, झोपले का? मी तिच्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि खुणेने सांगितले की जागे आहेत. ती हसून पुढच्या खाटेकडे गेली. मी पुन्हा झाडाखाली गेलो.

पाच वाजून वीस मिनिटांनी कलाबाई नवऱ्याची सुटी झाली म्हणून निरोप घ्यायला वार्डात आली. तिने दादांकडे पाहिले आणि मला म्हणाली, भाऊ, याइचं तोंड पाहा. मी पाहिले. मग मी त्यांना हलवले. दोन्ही खांद्यांना धरून हलवले, मोठ्याने हाक मारली, चिमटा काढला. ज्याची मला तीन दिवस लाज वाटत होती ते सगळे केले. बाई धावत आल्या, पापणी उचलून बॅटरी मारली. एक बाहुली मोठी झाली होती. नागपूरची गाडी सव्वासहाला निघाली. मौद्याच्या अलीकडे श्वास थांबला.

बाई मला एकही शब्द बोलल्या नाहीत. वही मागून घेतली, पाहिली आणि परत दिली. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

काल लोक उभे राहून बोलले की भाऊ असावा तर परसरामसारखा, तेरा दिवस पापणीला पापणी लावली नाही. मला बोलायला सांगितले, मी उठू शकलो नाही. लोकांना वाटले दुःखाने.

मी रोज वही काढून बसतो. एवढेच शोधतो की कोणत्या दिवसापर्यंत मिटलेले डोळे माझ्यासाठी होते आणि कोणत्या दिवसापासून नव्हते. ती ओळ सापडत नाही. शनिवारची असेल, मंगळवारची असेल. ते जे दादा करत होते, तेच त्यांना होत गेले आणि दोन्ही एकसारखे दिसत होते. वहीत दोन्हींना मी एकच शब्द लिहिला आहे.

तुझे पत्र माझ्याजवळ आहे. त्याचे काय करू ते सांग.

परसराम

—

नाकाडोंगरी

परसराम भाऊले जयभीम.

ताप नव्हता. येववलं नाही.

तू नुसतं आपलं लिहिलं. ट्रकवाल्याच्या हाती पत्र कोणी पाठवलं? पोस्टानं टाकलं असतं तं मंगळवारी सकाळी दादा नागपूरच्या गाडीत असता. मी धावत जाऊन ट्रक थांबवला, पायात चप्पल नव्हती. एवढी घाई मी जन्मात केली नाही.

त्यानं मले शपथ घातली होती, माझ्या हाताखाली त्याचं डोस्कं गरम लागत होतं. मले तवाच समजाले पाहिजे होतं का हे बरं नाही. पण तो हासत होता भाऊ. त्याले एवढ्या गमतीत हासताना मी लई दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मीही हासली.

पत्र जाळू नको. तू जाळलं तं मले वाटन का मी लिहिलंच नाही. वहिनीले वाचून दाखव. सगळं, शपथेचं पण. ती आपल्याले दारात येऊ देणार नाही तं नको येऊ देऊ. ती सगळ्या गावाले सांगते का माझ्या दीरानं लई केलं. तिच्या तोंडून ते ऐकून तू किती दिवस तिचं जेवशीन?

मी काही मागत नाही. एवढंच का मले लिहीत राहा, काहीही लिही.

धुरपता

—

करडी,
रविवार, ता. १४ जानेवारी १९७९

चि. धुरपता हीस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे काल वहिनीला सगळे सांगितले. ती अंगणात लाखोळी निवडत बसली होती. तुझे पत्र वाचून दाखवले, मग वहीतला तो आठवडा वाचला, मग वहीत नसलेला गुरुवार सांगितला. ऐकताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. तुझ्या पत्राला ती एवढेच म्हणाली की धुरपताले लहानपणापासून पोटात काही राहत नाही. त्यात राग नव्हता, मी नीट ऐकले. मला तिने एकच विचारले, त्या दुपारी किती वेळा बाहेर गेला होता. मी म्हणालो, तीनदा. मग सूप उचलून ती आत गेली.

रात्रभर मी ठरवत होतो की आता वेगळी चूल मांडावी. ती जेवायला बोलावणार नाही हे धरूनच चाललो होतो. पण आज दुपारी तिने ओट्यावरून नेहमीसारखी हाक मारली.

जेवण झाले. हात धुऊन उठणार, तर तिने माझ्यासमोर बिडीचा कट्टा आणि काडेपेटी ठेवली. दुकानातून आणलेला, आमच्याच कारखान्याचा. म्हणाली, आता या घरात तुझ्यासाठी डोये मिटणारं कोणी नाही, तुले बाहेर जायचं काही काम नाही. इथंच ओढ. मी म्हणालो, वहिनी, मी सोडली, तीस तारखेपासून एकही ओढलेली नाही. ते खरे आहे, तुलाही लिहिले नव्हते. ती म्हणाली, सोडून मोकळा होऊ नको परसराम. ओढ.

काडी दोनदा विझली. तिसऱ्या काडीला पेटली. दादांच्या घरात, दादांच्या बसायच्या जागेसमोर मी बिडी ओढली आणि पार्वतावहिनी भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत बसली. पदर तोंडाला लावला नाही, खोकली नाही, मान वळवली नाही. मी मध्येच विझवायला गेलो तर हाताने खूण केली, पुरी कर. पुरी केली. मग तिने ते थोटूक उचलून चुलीत टाकले, जागा सारवून घेतली आणि मला म्हणाली की उद्या दुपारी जेवाले ये.

मी हो म्हणालो.

इकडे येऊ नकोस असे मी म्हणणार नाही, ये असेही म्हणवत नाही. माझ्यावर माया उरली असेल तेवढी राहू दे. नसेल तरी पत्र पाठव.

तुझा भाऊ,
परसराम